मुलीला सीलिअ‍ॅकचे निदान झाले आहे: दळण, खपली गहू आणि सणवार यांबाबत मार्गदर्शन हवे

खारघरची पालक (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. लोहाच्या गोळ्या नियमित देऊनही तिचे हिमोग्लोबिन वर येत नव्हते, उंची वर्गातल्या मुलींच्या मानाने मागे पडली होती, आणि दुपारी शाळेतून आली की दप्तरही न उतरवता ती सोफ्यावर आडवी होत असे. पोटाची तक्रार म्हणावी अशी काही नव्हती, त्यामुळे गव्हाचा संशय घरात कोणालाच आला नाही. अखेर बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करायला सांगितली. तिचा आकडा मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. त्यानंतर एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे नमुने तपासले आणि सीलिअ‍ॅक रोगाचे निदान पक्के झाले. गहू, जव आणि राय (गव्हासारखे एक धान्य, मोहरी नव्हे) ही धान्ये आयुष्यभर पूर्ण बंद ठेवायची, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. मात्र रोजच्या स्वयंपाकघरात ते कसे साधायचे, याचे उत्तर दवाखान्यातल्या दहा मिनिटांत मिळत नाही, म्हणून येथे विचारते आहे.

आम्ही घरात पाच जण आहोत आणि रोज वीस-बावीस पोळ्या होतात. मुलीसाठी ज्वारीची भाकरी सुरू केली आहे, पण ज्वारी आमच्या सेक्टरमधल्या गिरणीतूनच दळून आणते आणि तिथे दिवसभर गहूच दळला जातो. गिरणीवाल्या काकांना अगोदर दुसऱ्या कोणाची ज्वारी दळून मग आमची दळायला सांगितले तर ते पुरेसे होईल का? दुसरे असे की, सासूबाईंच्या एका नातेवाइकांनी खपली गहू पाठवून दिला आहे. तो जुन्या वाणाचा, पचायला हलका आणि म्हणून चालणारा आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. सासूबाई साताऱ्याकडच्या आहेत. नातीवर त्यांचा फार जीव आहे, आणि गहू पूर्ण सोडल्यावर वाढत्या वयाच्या मुलीच्या अंगात ताकद कुठून येणार, ही त्यांची काळजी मी नुसती मोडीत काढू इच्छित नाही. गणपतीला आम्ही गावी जातो, तेव्हा प्रसादाचे आणि पंक्तीचे काय करावे, हाही प्रश्न आहेच.

परवा तिने मला विचारले, "आता माझ्यामुळे सगळ्यांच्या पोळ्या बंद होणार का?" तिला घरात ओझे झाल्यासारखे वाटू नये, ही माझी सर्वांत मोठी इच्छा आहे. ज्यांच्या घरी असा आहार सांभाळला जातो त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नौपाडा, ठाणे

ताई, माझ्या मुलाचे निदान तो पहिलीत असताना झाले आणि आता तो महाविद्यालयात आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नांत गिरणीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. बाजारच्या गिरणीत दळलेले कोणतेही पीठ, मग ते ज्वारीचे असो, तांदळाचे असो वा बेसन, सीलिअ‍ॅक असलेल्या मुलाला देऊ नये. अगोदर दुसऱ्याची ज्वारी दळून घेण्याने गव्हाचे प्रमाण कमी होते. ते सुरक्षित पातळीवर येते असे मात्र म्हणता येत नाही.

याचा हिशेब करून पाहा. गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण ८ ते १० टक्के ग्लूटेन, म्हणजे या रोगात अपाय करणारे प्रथिन, असते, म्हणजे एक ग्रॅम कणकेत सुमारे ८० ते १०० मिलिग्रॅम. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे एखादा पदार्थ ग्लूटेनमुक्त म्हणून विकायचा असेल तर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. आता गिरणीच्या जात्यात आणि नळीत चहाचा एक चमचा, म्हणजे चारपाच ग्रॅम, कणीक राहिली आणि ती तुमच्या किलोभर ज्वारीत उतरली, तर त्या पिठात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लूटेन गेले. मर्यादेच्या वीसपट. आणि चमचाभर कणीक ही कमीत कमीची गोष्ट झाली. गिरणीच्या तोंडाला पीठ उडू नये म्हणून जी कापडी बाही बांधलेली असते, ती एकदा हाताने झटकून पाहा, म्हणजे तिच्या घड्यांत किती पीठ धरलेले असते ते दिसेल. ती बाही धुतली जात नाही, जात्याचे दगडही धुता येत नाहीत, आणि वरच्या चाडीत हात घालून साफसफाई करण्याइतका वेळ सकाळच्या गर्दीत कोणत्याही गिरणीवाल्याला नसतो. यात त्यांचा दोष नाही.

माझ्या मुलाच्या बाबतीत घरात गव्हाचा कणही न देता रक्तातला टीटीजीचा आकडा उतरेना, तेव्हा आहारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न दळणाचाच विचारला होता. त्यानंतर आम्ही घरघंटी घेतली. ती कायम ग्लूटेनमुक्त धान्यांसाठीच ठेवली, इतरांचे गव्हाचे दळण पूर्वीप्रमाणे बाहेरच जाते. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. घरघंटीचा खर्च एकदम अंगावर येतो हे खरे, परंतु बाजारातील ग्लूटेनमुक्त शिक्का असलेल्या पिठांच्या किमती पाहिल्या तर तो पुढे भरून निघतो. सोसायटीतल्या कोणाची जुनी घरघंटी स्वस्तात मिळत असेल तर मात्र ती घेऊ नका, कारण तिच्यात वर्षानुवर्षे गहूच दळला गेलेला असतो.

दळण घरी आले तरी धान्य निवडण्याचे काम उरतेच. आम्ही ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून ज्वारी-तांदूळ आणतो. तुम्हाला वाशीचा धान्यबाजार जवळ पडेल. कुठूनही आणले तरी एकाच गोदामात, एकाच तराजूवर आणि पुष्कळदा पुन्हा वापरलेल्या गोण्यांत ही धान्ये हाताळली जातात, त्यामुळे ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच. स्टीलच्या मोठ्या ताटात ज्वारी एका थरात पसरून उजेडात बसावे. ज्वारीचा दाणा गोल आणि गव्हाचा लांबट, पोटावर चीर असलेला, त्यामुळे तो चटकन नजरेत भरतो. निवडून झाल्यावर दोन पाण्यांनी धुऊन, कडकडीत वाळवून मग दळावे. आमच्याकडे हे रविवारचे काम आहे आणि मुलगा लहानपणापासून त्यात सोबत बसत आला आहे.

घरातल्या इतरांच्या पोळ्या बंद करण्याची आवश्यकता नाही, हे तुमच्या मुलीला आजच सांगा. मात्र काही वस्तू तिच्या स्वतंत्र हव्यात: पोळपाट-लाटणे, परात, पिठाची चाळणी, लाकडी उलथणे आणि तवा. लाकडाच्या रेषांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ धरून राहते, ते धुऊन जात नाही. स्टीलची ताटे, वाट्या, कुकर नीट घासले की चालतात. तिची भाकरी आधी करून झाकून ठेवावी आणि मगच पोळ्यांची कणीक मळायला घ्यावी, कारण पोळ्या लाटताना उडणारी पिठी ओट्यावर, गॅसवर आणि उघड्या भांड्यांत बसते. तळणाचे तेलही तिच्यासाठी वेगळे असावे; पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे साबुदाण्याचे वडे तळू नयेत. लोणी, तूप, जॅम यांत पोळीचा किंवा पावाचा चुरा लागलेला चमचा जातो, म्हणून या गोष्टींच्या तिच्या बरण्या निराळ्या ठेवा. कणीक मळलेल्या हाताने तिला जवळ घेतले तर काही बिघडत नाही. ग्लूटेन पोटात जाता कामा नये, एवढेच. हेही सांगतो, कारण आमच्या घरी सुरुवातीला सगळे इतके धास्तावले होते की आजी मुलाच्या गालाला हात लावायलाही कचरत असे.

आहारतज्ज्ञ, वाशी

नौपाड्याच्या दादांनी दळणाबद्दल लिहिले आहे त्याला माझी पूर्ण सहमती आहे. मी खपलीविषयी आणि सासूबाईंच्या काळजीविषयी लिहिते.

खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. त्याची रचना साध्या गव्हापेक्षा थोडी निराळी असते, काही लोकांना तो पचायला बरा वाटतो, परंतु सीलिअ‍ॅकमध्ये प्रश्न पचनाच्या जड-हलकेपणाचा नसतो. ग्लूटेनमधले काही तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरले की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या अस्तरावरच हल्ला करते, आणि अन्नरस शोषून घेणारे बारीक केसांसारखे उंचवटे झडून सपाट होतात. तुमच्या मुलीला दिलेले लोह अंगी लागत नव्हते ते यामुळेच. खपली, बन्सी, शरबती, सेंद्रिय, घरच्या शेतातला, यांपैकी कोणताही गहू याला अपवाद नाही. रवा, मैदा, दलिया, शेवया, गव्हाच्या चिकाच्या कुरडया ही त्याचीच रूपे झाली. सातूच्या पिठात गहू आणि जव दोन्ही असू शकतात. मेतकुटात पुष्कळ घरी मूठभर गहू भाजून घालतात, थालीपिठाच्या भाजणीतही घालतात. या दोन्ही गोष्टी गव्हाशिवाय उत्तम होतात, म्हणून त्या घरीच कराव्यात.

हिंगाबद्दल मी प्रत्येक पालकाला आवर्जून सांगते. आपण फोडणीत घालतो तो डबीतला बांधणी हिंग शुद्ध हिंग नसतो. हिंगाच्या चिकात डिंक आणि पीठ मिसळून तो तयार होतो आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. वरण, आमटी, लोणचे, पापड, सांबार, ताक अशा ज्या पदार्थांत गव्हाची कोणी कल्पनाही करणार नाही, तिथे तो असतो. डबीवरील घटकपदार्थांची यादी वाचली की कळते. तांदळाच्या पिठात बांधलेला आणि ग्लूटेनमुक्त लिहिलेला हिंग आता दुकानांत मिळतो. तोच सगळ्या घरासाठी आणावा, म्हणजे दोन-दोन फोडण्या कराव्या लागत नाहीत. माल्ट असलेली दुधात घालायची पेये जवापासून बनतात, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. ओट्समध्ये मुळात ग्लूटेन नसले तरी आपल्याकडे ते गव्हाच्या संपर्कात येतात, म्हणून निदानानंतरचे पहिले काही महिने ते टाळावेत आणि पुढे डॉक्टरांना विचारून ग्लूटेनमुक्त शिक्क्याचेच घ्यावेत.

आता सासूबाई. त्या साताऱ्याच्या आहेत, म्हणजे त्यांच्या बालपणी घरात रोज ज्वारी-बाजरीची भाकरी होत असणार आणि गव्हाची पोळी सणावाराला किंवा पाहुणे आल्यावर. त्या भाकरीवर माणसे शेतात दिवसभर राबत होती, हे त्यांच्याइतके आपल्याला कोण सांगणार? त्यांना विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांची हकिकतही सांगा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. सर्व मुले उपासमारीने खंगत असताना सीलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारली, आणि पुन्हा पाव मिळू लागताच ती पूर्ववत आजारी पडली. गव्हावर डिके यांचा संशय आधीपासून होताच. या अनुभवाने तो दृढ झाला आणि १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो मांडला. आज जगभर या रोगावर जो एकमेव उपचार आहे, त्याची सुरुवात तिथून झाली. या मुलांच्या बाबतीत गहू सोडल्यानेच वाढ सुरू होते, हे त्यांना पटायला हरकत नाही.

मात्र गव्हाच्या जागी काय येते, याकडे लक्ष ठेवा. पोळी गेली की ताटात भात वाढतो आणि डब्यात ग्लूटेनमुक्त बिस्किटे येतात, असे मी वारंवार पाहते. या बिस्किटांत आणि पावांत तांदूळ, मका, बटाटा किंवा टॅपिओका यांचे पिष्ट, साखर आणि चरबी जास्त असते. तंतुमय भाग आणि लोह फार थोडे. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, वरई अशी धान्ये आलटून-पालटून द्या. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि ज्या मुलीची हाडे वाढीच्या ऐन वयात उपाशी राहिली आहेत तिला त्याची गरज आहे. लोह, ड जीवनसत्त्व, ब-१२ यांच्या पातळ्या तपासून औषधे चालू ठेवा. सुरुवातीच्या काळात दूध पचत नसेल तर घाबरू नका. अस्तर भरून आले की बहुतेक मुलांना ते पुन्हा चालू लागते.

कळवेकर

विषय थोडा वेगळा आहे, पण येथे जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारतो. माझे वय पस्तीस आहे. जेवणानंतर पोट फुगणे आणि दिवसभर मरगळ वाटणे असा त्रास होता. एका चित्रफितीत ऐकून मी दोन महिन्यांपासून गहू बंद केला आहे आणि निश्चितच बरे वाटते. आता तपासणी करून घेण्याची काही गरज उरते का, की असेच चालू ठेवावे?

घोडबंदर रोड

कळवेकर, गरज उरते, आणि आपण तपासणीच्या आधी गहू सोडल्याने ती थोडी अवघड झाली आहे. माझे स्वतःचे निदान चाळिशीनंतर झाले, त्यामुळे या टप्प्यावरचा गोंधळ मला जवळून माहीत आहे.

टीटीजी-आयजीए ही तपासणी रक्तातील प्रतिपिंडे मोजते. गहू आहारात असेल तरच ती तयार होतात. गहू बंद केला की हळूहळू उतरतात आणि आतड्याचे अस्तरही भरू लागते. त्यामुळे आज तपासणी केली आणि ती निर्दोष आली, तरी आपल्याला सीलिअ‍ॅक नाही असे त्यावरून ठरत नाही. अशा वेळी डॉक्टर साधारणतः सहा ते आठ आठवडे रोज ठरावीक प्रमाणात गहू खायला लावतात आणि मग तपासणी करतात. हे स्वतःच्या मनाने न करता पोटविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावे. सोबत एकूण आयजीएची (हा प्रतिपिंडांचाच एक प्रकार) पातळीही मोजून घ्यावी, कारण काही लोकांत आयजीए मुळातच कमी असते आणि मग टीटीजी-आयजीए खोटी नकारात्मक येते. गहू पुन्हा खाणे अजिबात सोसत नसेल तर एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची तपासणी आहाराचा विचार न करता करता येते. ही दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅकची शक्यता जवळजवळ संपते. ती असली म्हणजे रोग आहे असे मात्र नाही. ती निरोगी लोकांतही मोठ्या प्रमाणावर आढळतात.

आता आपण विचाराल की बरे वाटते आहे तर नाव कशाला हवे. नावावर पुढचे सगळे अवलंबून असते. सीलिअ‍ॅक असेल तर चिमूटभर गहूही आयुष्यभर चालत नाही, हाडांची घनता तपासावी लागते, घरातल्यांच्या तपासण्या कराव्या लागतात. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर तो निराळाच आजार आहे; त्यात खाल्ल्यावर मिनिटांत किंवा काही तासांत अंगावर गांधी, ओठांना सूज, दम लागणे असे होऊ शकते आणि प्रसंगी ते जिवावर बेतते, परंतु अशा माणसाला जव कदाचित चालू शकेल. आणि हे दोन्ही नसूनही गहू खाल्ल्यावर त्रास होणारे पुष्कळ जण आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचा त्रास ग्लूटेनमुळे नसून गव्हातील फ्रुक्टान या कर्बोदकामुळे असावा, असे दिसून येत आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःला ग्लूटेन सोसत नाही असे मानणाऱ्यांना ओळखता येऊ नये अशा रीतीने आळीपाळीने ग्लूटेन आणि फ्रुक्टान दिले, तेव्हा त्रास फ्रुक्टानने अधिक झाला. फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही भरपूर असते. आपला प्रकार तसा असेल तर आपण पोळी सोडून कांदा-लसणाचे वाटण खात राहाल आणि अर्धाच फरक पडेल. उलट अधूनमधून एखादी पोळी खायला आपल्याला काही अडचणही नसेल. ज्याला मोकळीक मिळू शकते त्याने जन्मभर पथ्यात राहावे, हेही मला योग्य वाटत नाही.

महाराष्ट्रात हा आजार आपल्याकडचा नाही असा समज अजून आहे. उत्तर भारतात जिथे रोजचे जेवणच गव्हाचे, तिथे तो शंभरात एकाच्या आसपास आढळला आहे आणि दक्षिणेत त्याहून पुष्कळच कमी. आपण मधले, आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत शहरातल्या मराठी घरांत भाकरीची जागा पोळीने आणि पावाने घेतली आहे. माझा रक्तक्षय कितीतरी वर्षे कामाचा ताण आणि अवेळी जेवण यांच्या नावावर जमा होत राहिला. म्हणून लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय, कारण न सापडणारी हाडांची ठिसूळता, मुलांची खुंटलेली उंची, यांपैकी काही असेल तर पोटाची तक्रार नसतानाही ही एक रक्ततपासणी करून घ्यावी, असे मी सर्वांनाच सुचवेन.

दिवाळे गाव, बेलापूर

खारघरच्या ताई, तुमच्या गणपतीच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण माझ्या भाचीला हाच आजार आहे आणि ती दर वर्षी आमच्याकडे सणाला असते. आमच्या कोळीवाड्यात घरोघरी तांदळाची भाकरी होते. वाफेवर काढलेल्या उकडीची, हातावर पाणी घेऊन थापलेली. भाची आली की तिला ताटात काही वेगळे वाढावे लागत नाही, फक्त पीठ घरी दळलेले असावे लागते. घावन, आंबोळी, खांडवी, पातोळ्या, उकडीचे मोदक, हे सगळे तांदळाचेच पदार्थ आहेत आणि गणपतीत तेच मानाचे असतात. मोदकाचे तयार पीठ आणू नका. तेही सर्वसाधारण गिरणीतच दळलेले असू शकते. आंबेमोहोर घरी धुऊन, सावलीत वाळवून, तुमच्या घरघंटीत दळून एक डबा गावी सोबत न्या. तळणीच्या मोदकांना कणीक किंवा रवा-मैदा लागतो, ते तिला देऊ नयेत. होळीला पुरणपोळीऐवजी तेच पुरण तांदळाच्या उकडीत भरून वाफवले तर भाची दोन घास जास्तच खाते, आणि नुसते पुरण वाटीत घेऊन वर तुपाची धार घातली तरी तिला ते सणाचेच जेवण वाटते.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. कणभर प्रसादाने काय होते, असे प्रेमाने म्हणणारे पुष्कळ भेटतील. आमच्या गुरुजींना आम्ही आधी सांगितले, तेव्हा त्यांनीच तीर्थ आणि केळे हातावर ठेवून हाही प्रसादच आहे असे सर्वांसमक्ष म्हटले. त्या एका वाक्याने भाचीची दर वेळची कुचंबणा थांबली. गावी जाण्यापूर्वी तिथल्या मोठ्या माणसाला फोन करून असेच सांगून ठेवा. पंक्तीत वाढपी एकाच हाताने पुरी आणि भात वाढत जातात, म्हणून तिचे ताट स्वयंपाकघरातून आधीच वाढून आणावे आणि ती सगळ्यांबरोबर पंक्तीतच जेवायला बसेल असे पाहावे. वेगळे बसवू नये.

बाहेरच्या खाण्याबद्दल सांगायचे तर वडापावातला पाव टाकून नुसता वडा खाता येईल असे मुलांना वाटते. पण त्याच कढईत समोसे तळलेले असतात आणि बेसनात हिंग असतो. मिसळीचेही तसेच. इडली बरी वाटते, पण सोबतच्या सांबारात हिंग असतोच. आम्ही भाचीबरोबर तलावपाळीला किंवा पाम बीचकडे फिरायला गेलो की तिचा डबा सोबत असतो, आणि उकडलेली मक्याची कणसे किंवा भुईमुगाच्या शेंगा सगळेच घेतो.

खारघरची पालक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. घरघंटी घ्यायचे ठरवले आहे आणि खपली गहू परत न पाठवता गरजूंना देतो आहोत. सासूबाईंना डच डॉक्टरांची हकिकत वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत; मग म्हणाल्या, "आमच्या वेळी असंच एक पोर होतं आळीत, ते गेलं." काल त्यांनी स्वतः स्टीलच्या ताटात ज्वारी निवडायला घेतली.

दोन शंका उरल्या आहेत. आमचा लहान मुलगा सात वर्षांचा आहे; तो अगदी धडधाकट आहे आणि त्याला काहीही त्रास नाही. त्याचीही तपासणी आवश्यक आहे का? आणि मुलीच्या आहाराची काळजी नीट घेतली जाते आहे, हे कशावरून समजावे?

आहारतज्ज्ञ, वाशी

होय, मुलाची आणि तुम्हा दोघा पालकांचीही टीटीजी-आयजीए तपासणी करून घ्या. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार साधारण शंभरांत पाच ते दहा जणांना आढळतो आणि त्यांतील अनेकांना कोणताही त्रास जाणवत नसतो. तपासणी होईपर्यंत मुलाचा गहू मुळीच बंद करू नका. ताईबरोबर त्यालाही भाकरीवर आणले तर तपासणीचा अर्थच लावता येणार नाही. आज ती निर्दोष आली तरी पुढे काही वर्षांच्या अंतराने किंवा लक्षणे दिसली तर लगेच पुन्हा करावी लागते, कारण हा आजार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो.

मुलीसाठी साधारण सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा मोजतात. आकडा पहिल्याच खेपेला मर्यादेत यावा अशी अपेक्षा नसते, तो ठळकपणे उतरता असला पाहिजे. सुरुवातीला फार जास्त असलेला आकडा पूर्ण खाली यायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. हिमोग्लोबिन आणि वजन त्याआधीच सुधारू लागते. उंचीची नोंद बालरोगतज्ज्ञांच्या आलेखावर दर भेटीत करून घ्या, भिंतीवरच्या खुणेवर अवलंबून राहू नका. आकडा अडून राहिला तर पीठ, हिंग, शाळेतले डबे आणि नेहमीची औषधे या क्रमाने शोध घ्या. काही गोळ्यांत भर म्हणून पिष्ट वापरलेले असते आणि ते कशाचे आहे हे औषध देताना विचारता येते. वर्गशिक्षिकांना डॉक्टरांच्या पत्राची प्रत द्या, म्हणजे वाढदिवसाला वर्गात केक वाटला जाईल तेव्हा तिच्या हातात काय ठेवायचे ते त्यांना आधीच माहीत असेल. राजगिऱ्याच्या लाडवांचा एक बंद डबा त्यांच्याकडे ठेवून दिला तरी पुरते.

घरघंटी आली की पहिल्या खेपेस दोनेक किलो स्वच्छ निवडलेले तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढावे आणि मग तिच्या ज्वारीला सुरुवात करावी.